गावच्या फळ्यावरचं वाक्य: निवडायचं, तपासायचं, लिहायचं कसं

ग्रामपंचायतीच्या ओट्यावरचा फळा, शाळेची भिंत, आरोग्य उपकेंद्राचा व्हरांडा, पतसंस्थेचं काउंटर, कबड्डीच्या पटांगणामागची भिंत. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात एवढ्या जागी कोणा ना कोणा मोठ्या माणसाचं वाक्य लिहिलेलं सापडतं. बरीचशी वाक्यं व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेली असतात. नाव एकाचं, बोल भलत्याचे. फळा पुसता येतो, पण शाळेतलं पोरगं ते वाक्य वक्तृत्व स्पर्धेत घेऊन जातं, परीक्षक मान डोलावतात आणि खोटं नाणं तालुक्यापर्यंत चालतं. हे टाळायला फार विद्वत्ता लागत नाही. दोनशे पानी वही, एक स्मार्टफोन, आठवड्याला दीड-दोन तास आणि ‘हे वाक्य राहू द्या, याचा पत्ता लागत नाही’ असं म्हणायची तयारी, एवढ्यावर भागतं.

आधी रोजचा सुविचार बंद करा. वर्षाला ३६५ तपासलेली वाक्यं कोणालाच जमत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात लिहिणारा पुन्हा फॉरवर्डवर येतो. आठवड्याला एक, म्हणजे वर्षाला ५२ पुरतात. बदलायचं ते गावच्या आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे बाहेरगावची माणसंही वाचतात आणि खडूची धूळ बसलेली नसते. वहीत पाच रकाने पाडा: वाक्य, मूळ भाषेतले शब्द, कधी-कुठे म्हटलं, कुठून घेतलं (पानासकट), कोणी तपासलं. लिहिणारा आणि तपासणारा एकच माणूस नको. दोघंही मास्तर नकोत, हे आमचं मत. एक तरी शेतकरी किंवा आशाताई असली की पुस्तकी मराठीला आपोआप लगाम बसतो.

लक्षात काय राहतं

पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. दोन-चार ओळी, टोकाला यमक, आणि शेवटी सगळ्या गावाचा एकच आवाज: ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!’ सावकारापासून आमदारापर्यंत कोणी त्यातून सुटत नाही, आणि एखादी झणझणीत झडती पुढच्या पोळ्यापर्यंत पारावर चालते. वाक्य निवडताना हीच कसोटी लावा. एका दमात म्हणता येतं का? कानाला धरून ठेवणारं काही आहे का? बोट कोणाकडे आहे ते कळतं का?

सचिन तेंडुलकर १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोपाचं बोलले ते इंग्रजीत. त्यातला ‘२२ यार्डांमधलं २४ वर्षांचं आयुष्य’ हा तुकडाच लोकांच्या तोंडी राहिला. का, तर त्यात मोठा शब्द एकही नाही, दोन आकडे आहेत. मराठीत तर तो आणखी जमतो, कारण ‘बावीस’ आणि ‘चोवीस’ यांचा नाद एक आहे. म्हणून हे वाक्य फळ्यावर आकड्यांत लिहू नका, अक्षरांत लिहा: ‘बावीस यार्डांत चोवीस वर्षं’. डोळा आकडा नुसता पाहून पुढं जातो, नाद ऐकू येत नाही.

उलट ‘यश’, ‘ध्येय’, ‘जिद्द’, ‘सकारात्मकता’ यांतले दोन शब्द एका वाक्यात आले की ते वाक्य बाजूला ठेवा. ते खोटंच असेल असं नाही. पण ते कोणीही, कुठेही, कशाबद्दलही म्हटलेलं असू शकतं आणि बाजारातून घरी जाईस्तोवर विसरलं जातं.

तपासणी: तारीख, भाषा, कागद

या क्रमानंच जा. तारीख तपासायला पाच मिनिटं लागतात आणि बरीचशी खोटी वाक्यं तिथंच पडतात.

उदाहरण घराघरात माहीत असलेलं. ‘ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत…’ दुकानात, बँकेत, पतसंस्थेत काचेखाली ठेवलेलं असतं, खाली महात्मा गांधी. फॉरवर्डमध्ये पुढं लिहिलेलं असतं, ‘दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०’. आता गांधींचं साल काढा. १८८८ ते १८९१ ते लंडनला वकिली शिकत होते. दक्षिण आफ्रिकेत गेले १८९३ ला. संपलं. हा मजकूर १९४१ मध्ये अमेरिकेतल्या स्टुडबेकर मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ एलियट यांच्या नावानं छापलेला सापडतो. मोटारी विकणाऱ्याचं बोलणं आपण सूत कातणाऱ्याच्या तोंडी घातलं. वाक्य काही वाईट नाही. दुकानात ठेवायचं तर खुशाल ठेवा, फक्त खालचं नाव खोडा.

दुसरी पायरी मूळ भाषेची. तो माणूस कोणत्या भाषेत बोलला? गाडगेबाबा वऱ्हाडीत बोलत. त्यांच्या नावावर ‘व्यक्तिमत्त्व विकास’, ‘सामाजिक बांधिलकी’ असे शब्द आले की समजा, मधे कोणीतरी हात मारला आहे. ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, या आशयाचं त्यांचं कीर्तनातलं सांगणं आजही अंगावर येतं ते ताट आणि भाकरीमुळे. त्याचं ‘अन्नपात्राचा त्याग करूनही शिक्षण घ्यावे’ केलं की उरतं काय?

तिसरी पायरी मूळ कागदाची, आणि इथं विदर्भातल्या माणसाला जरा घरचा फायदा आहे. गांधी १९३६ पासून सेवाग्रामला राहिले. त्यांचं समग्र वाङ्मय इंग्रजीत १०० खंडांचं आहे आणि ते इंटरनेटवर फुकट वाचायला, शब्द टाकून शोधायला मिळतं. तिथं ‘जगात जो बदल पाहायचा आहे तो तुम्ही स्वतः व्हा’ हे वाक्य शोधून पाहा. जगभर टी-शर्टवर छापलेलं हे वाक्य अशा शब्दांत गांधींच्या लिखाणात नाही. जवळचं जे आहे ते १९१३ च्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये: आपण स्वतःला बदललं तर जगाचे कलही बदलतील, माणूस आपला स्वभाव बदलतो तसा जगाचा त्याच्याकडे पाहण्याचा भाव बदलतो, अशा अर्थाचं. आणि ते आलंय कुठं? आरोग्यावरच्या लेखमालेत, सर्पदंशाच्या प्रकरणात. मृगात वावरात जाणाऱ्या माणसाला हे टी-शर्टापेक्षा जवळचं वाटेल.

डॉ. आंबेडकरांची भाषणं आणि लेखन महाराष्ट्र शासनानं खंडांमध्ये छापलं आहे. जिल्हा ग्रंथालयात आणि बऱ्याच महाविद्यालयांत ते खंड असतात. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे गावोगाव कमानीवर आहे. १८ ते २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, तिथल्या इंग्रजी भाषणाच्या शेवटी बाबासाहेबांनी दिलेला क्रम असा: शिका, चेतवा, संघटित व्हा, आणि लगेच पुढं, स्वतःवर विश्वास ठेवा. म्हणजे मराठीत रूढ झालेल्या घोषणेत दुसरा आणि तिसरा शब्द अदलाबदल झाले आहेत. याचा अर्थ कमान खोडायला निघा असा नाही. तसं काही केलं तर गावात भांडण होईल आणि होणं रास्त असेल, कारण ती घोषणा तिच्या मराठी रूपातच लोकांनी अंगावर वागवली आहे. पण फळ्यावर खाली ‘नागपूर, जुलै १९४२’ असं लिहिणार असाल तर क्रम त्या भाषणातलाच हवा. स्थळ-काळ लिहिला की शब्द त्या स्थळाचे, त्या काळाचे पाहिजेत.

त्याच महिन्याच्या १४ तारखेला, तिथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी निघून जावं असा ठराव केला होता. पुढं ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँकवर गांधींनी ‘करेंगे या मरेंगे’ दिलं. जुलैच्या दोन लागोपाठच्या आठवड्यांना फळ्यावर वर्ध्याचा आणि नागपूरचा असे दोन मजकूर लावले तर शाळेला इतिहासाचा एक तास आयता मिळतो.

इथून एक नेहमीची गफलत लक्षात येते: शब्द घडवणारा एक, गाजवणारा दुसरा. ‘क्विट इंडिया’ हे शब्द समाजवादी नेते युसुफ मेहेरअलींचे. मुष्टियोद्धे मुहम्मद अलींचं फुलपाखरू आणि मधमाशीचं वाक्य, १९६४ च्या सनी लिस्टनबरोबरच्या लढतीआधी जगभर गेलेलं, ते त्यांच्या गोटातल्या ड्रू बंडिनी ब्राऊन यांनी रचलं. ‘जिंकणं महत्त्वाचं नाही, भाग घेणं महत्त्वाचं’ हे ऑलिंपिकवाल्या कुबर्टिन यांनी १९०८ च्या लंडन खेळांच्या वेळी सांगितलं, पण त्यांनीच तेव्हा ते पेनसिल्व्हेनियाच्या बिशपांचं म्हणून सांगितलं होतं. ‘जिंकणं हेच सर्वस्व’ या उलट्या टोकाच्या वाक्याखाली अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांचं नाव असतं. त्यांच्या आधी ते रेड सँडर्स नावाचे त्याच खेळाचे दुसरे प्रशिक्षक म्हणत. ‘जय जवान, जय किसान’ १९६५ चं, लालबहादूर शास्त्रींचं. ‘जय विज्ञान’ १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर वाजपेयींनी जोडलं. तिन्ही एका ओळीत लिहून खाली शास्त्रींचं नाव टाकलेल्या भिंती सर्रास आहेत. दोन नावं लिहायला एक वीत जागा जास्त लागते, तेवढी द्या.

इंटरनेटवर शोधताना दोन गोष्टी पाळा. वाक्याचा सहा-सात शब्दांचा तुकडा दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर सुटे शब्द सापडत राहतात. आणि सुविचारांचा साठा करणाऱ्या वेबसाइटी कितीही असल्या तरी त्या मिळून एकच साक्षीदार धरा. सगळ्या एकमेकींचं उतरवतात. जिथं तारीख, जागा आणि प्रसंग दिलेला आहे तीच साक्ष. ते वाक्य सगळ्यात आधी कधी छापलं गेलं ते पुस्तकांच्या शोधात दिसतं. माणूस मेल्यावर चाळीस-पन्नास वर्षांनी पहिल्यांदा उगवलेलं वाक्य त्याचं नसतं असंच धरून चाला. फोटो आणि खाली सही असली म्हणून काही सिद्ध होत नाही. रतन टाटांच्या नावानं एप्रिल २०२० मध्ये कोरोनानंतरच्या अर्थव्यवस्थेवर एक लांबलचक स्फूर्तिदायक मजकूर फिरला. हे मी म्हटलेलंही नाही, लिहिलेलंही नाही, असं त्यांना स्वतः जाहीर करावं लागलं. तेव्हा जिवंत असलेल्या माणसाची ही गत, तर गेलेल्यांचं कोण ऐकतो!

एवढं करून वाक्य पक्कं झालं नाही तर? तीन शब्द ठरवून टाका आणि तेच वापरा. कागद सापडला: ‘म्हणाले’. कागद नाही, पण नाव रूढ आहे: ‘यांच्या नावानं सांगतात’. मूळ खरं आहे, पण आपण शब्द बदलले: ‘यांच्या बोलण्यावरून’. वाचणाऱ्याला महिनाभरात हा फरक कळू लागतो, आणि मग चावडीवर ‘हे नावानं सांगतात का म्हणाले?’ असा प्रश्न येतो. तेव्हा समजा फळा नीट चालला आहे.

मराठीत आणताना

स्टीव्ह जॉब्ज २००५ मध्ये स्टॅनफर्डला बोलताना ज्या दोन छोट्या वाक्यांवर थांबले ती त्यांनी एका जुन्या कॅटलॉगच्या मागच्या पानावरून घेतली होती, आणि तसं त्यांनी तिथंच सांगितलं. मराठीत त्याचं सरळ ‘भुकेले राहा, मूर्ख राहा’ होतं. हे रेशन दुकानाशेजारच्या भिंतीवर लिहून पाहा, कोण काय म्हणेल ते. इंग्रजीतली ती भूक पोटाची नाही. ‘हाव शिकायची ठेवा; आपल्याला सगळं कळतं असं समजू नका’ असं काही करता येतं, पण मूळचा चटका त्यात नाही. आमचा सल्ला: असं वाक्य सोडून द्या. ज्याचा जीव दुसऱ्या भाषेच्या श्लेषात आहे ते वाक्य आपल्या फळ्याचं नाही.

अलींचं वाक्य मात्र येतं. ‘तरंगा’, ‘दंश करा’ असले शब्द टाळले की झालं. ‘फुलपाखरागत भिरभिर, मधमाशीगत डंख’. क्रियापदं गाळली, कारण मराठी म्हणीही ती गाळतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बेसबॉलवाल्या योगी बेरांचं १९७३ च्या हंगामातलं गाजलेलं बोलणं, संपेस्तोवर संपलेलं नसतं, हेही कबड्डीला चपखल. पण तुम्ही ते ‘शिट्टी वाजेस्तोवर सामना संपत नाही’ असं केलंत तर शिट्टी तुमची आहे, बेरांची नाही. म्हणून खाली ‘यांच्या बोलण्यावरून’. हेच बेरा पुढं म्हणून गेले की मी म्हटलं असं जे सांगतात ते सगळं मी म्हटलेलं नाही. फळा लिहिणाऱ्यानं हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

हिंदीतलं हिंदीतच ठेवा. ‘करेंगे या मरेंगे’चं ‘करू किंवा मरू’ करण्यात काही हशील नाही. गावाला हिंदी कळतं. इंग्रजीतलं वाक्य मराठीत आणल्यावर ते मोठ्यानं तीनदा म्हणा. तिसऱ्यांदा जीभ अडखळली तर शब्द कापा, वाढवू नका. ‘च्या द्वारे’, ‘च्या माध्यमातून’, ‘असणे आवश्यक आहे’ हे तिन्ही दिसले की खडू खाली ठेवा.

कुठल्या भिंतीला काय

खरं वाक्यही चुकीच्या जागी घात करतं. कृषी सेवा केंद्राचं उदाहरण घ्या. सोळाव्या शतकातले वैद्य पॅरासेल्सस यांनी लिहिलं की विष सगळ्यातच आहे, ते विष ठरतं मात्रेनं. १५३८ चं हे लिखाण, विषशास्त्राचा पाया. पण कीटकनाशकांच्या कपाटावर ते लावलं तर ‘थोडं अंगावर उडालं तर काही होत नाही’ असा त्याचा अर्थ होणार. २०१७ च्या फवारणी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं माणसं दगावली, त्या मुलखात असं वाक्य लावायचं नसतं. तिथं डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग लिहा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. कोणाचं नाव लागत नाही.

आरोग्य केंद्रासाठी मात्र एक फार चांगलं बोलणं आहे आणि ते क्वचितच कुठं दिसतं. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग ११ डिसेंबर १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एक गोष्ट सांगतात. एका माणसाचा घसा दुखतो, तो आपल्या मनानं पेनिसिलिन घेतो. जंतू मरतील इतकं नाही, पण औषधाला तोंड कसं द्यायचं हे जंतू शिकतील इतकं. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती मरते. जबाबदार कोण? तो नवरा, असं फ्लेमिंग म्हणतात. मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेऊन बरं वाटलं की थांबणाऱ्या गावाला याहून नेमकं काय सांगणार? त्यांचा शेवटचा बोल ‘घ्यायचं तर पुरेसं घ्या’ असा आहे, पण तो तसाच लिहू नका. ‘पुरेसं’ म्हणजे ‘जास्त’ असं वाचलं जाईल. ‘सांगितलं तेवढं, सांगितले तितके दिवस’ लिहा, खाली ‘फ्लेमिंग यांच्या बोलण्यावरून’. आरोग्याचं कुठलंही वाक्य भिंतीवर चढवण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा.

जोनास साल्क यांना १२ एप्रिल १९५५ ला मुलाखतीत विचारलं, पोलिओ लशीचं पेटंट कोणाचं? ते म्हणाले, लोकांचंच म्हणायचं, पेटंट नाही. सूर्याचं पेटंट घेता येतं का? लसीकरणाच्या दिवशी हे उत्तम, कारण प्रश्न आहे, उपदेश नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं, रुग्णालयाची पहिली अट रुग्णाला अपाय न करण्याची, हे कर्मचाऱ्यांच्या खोलीत लावा. बाहेर लावलं तर लोकांना टोमणा वाटतो. ‘अन्न हेच औषध असू दे’ हे प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटसच्या नावानं फिरतं, पण त्याच्या परंपरेतल्या ग्रंथांत ते सापडत नाही. शिवाय मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला ते निमित्त होतं, म्हणून नकोच. आणि साप चावल्यावर काय करायचं त्या जागी वाक्यच नको. १०८ लिहा, मोठ्या अक्षरात, आणि जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं इंजेक्शन आहे ते.

पतसंस्थेत आइन्स्टाइन असतात: चक्रवाढ व्याज हे जगातलं आठवं आश्चर्य. त्यांनी असं म्हटल्याचा पुरावा नाही. त्या जागी ७२ चा हिशेब लिहा, तो खातेदाराला जास्त कामाचा. ७२ ला व्याजदरानं भागा, रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागतो ते येतं. ठेव ९ टक्क्यांनी ठेवली तर ८ वर्षं. सावकाराकडून महिना ३ टक्क्यांनी, व्याजावर व्याज लावून घेतलं तर ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिने. दोन ओळींत आइन्स्टाइनपेक्षा जास्त भीती बसते.

बाजार समितीच्या आवारात अमेरिकन गुंतवणूकदार वॉरन बफेंचं वाक्य लावायचा मोह होतो: लोक हावरे झाले की भ्यावं, लोक भ्याले की हाव धरावी. त्यांच्या १९८६ च्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रातलं, पक्कं. पण ते विकत घेणाऱ्याचं शहाणपण आहे आणि थांबायची ऐपत असलेल्याचं. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन घेऊन आलेला, मागं पीककर्जाची तारीख असलेला माणूस विकणारा आहे. त्याला ते वाक्य चिडवल्यासारखं लागेल.

राजकारणाचं सगळ्यात जपून. हयात नेत्याचं वाक्य ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकोच. आचारसंहिता लागली की सरकारी इमारतींवरचा राजकीय मजकूर काढावाच लागतो, आणि त्याआधीही तो गट पाडतो. एकाच नेत्याचं वाक्य लागोपाठ दोन आठवडे नको. प्रसंगही पाहा: ‘आया राम गया राम’ हे १९६७ मध्ये हरियाणातल्या गया लाल यांच्या पक्षबदलावरून आलं, मजेदार आहे, खरं आहे, पण सरपंचावर अविश्वास ठराव आला त्या आठवड्यात लिहिलंत तर फळा फुटेल. ग्रामसभेच्या आठवड्याला बाबासाहेबांचं संविधान सभेतलं, २५ नोव्हेंबर १९४९ चं: धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र भक्ती, म्हणजे व्यक्तिपूजा, अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे. हे कोणत्याही पक्षाच्या माणसाला आपल्या विरोधकाबद्दल वाटतं, त्यामुळे भांडण होत नाही.

खडू, रंग आणि जागा

नेहमीचा फळा चार फूट रुंद, तीन फूट उंच. दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षर साधारण एक इंच उंच लागतं. रस्त्यावरून, म्हणजे वीस फुटांवरून वाचायचं तर दोन इंच. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणून दोन ओळींच्या शिरोरेषांमधलं अंतर अक्षराच्या दुप्पट, चार इंच ठेवा. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच समास सोडला तर ४२ इंच उरतात, एका अक्षराला फटीसकट दोन इंच धरले की ओळीत २१ अक्षरं. उंचीतले सहा इंच वार-तारखेला, पाच नावाला. उरतात सहा ओळी. त्यातल्या चारच वापरा. म्हणजे वाक्य ऐंशी अक्षरांच्या आत, वीस-बावीस शब्द. त्याहून लांब असेल तर अक्षर बारीक करू नका, वाक्य बदला. ओळ मोडताना शब्दसमूह तोडू नका. ‘करेंगे या’ वर आणि ‘मरेंगे’ खाली असं झालं की दम तुटतो.

नव्या किंवा नव्यानं रंगवलेल्या फळ्यावर थेट लिहिलं तर पहिलं वाक्य वर्षभर मागून डोकावतं. आधी खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करा, कोरड्या फडक्यानं पुसा, मग लिहा. ओल्या फडक्यानं रोज पुसू नका, रंग उडतो. फळ्याचे कोपरे पावसाळ्यात फुगतात ते पाणी मागच्या भिंतीतून येतं म्हणून. मागं अर्धा इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या ठोकून हवा खेळती ठेवा.

भिंतीवर कायमचं लिहायचं तर मालकाची लेखी परवानगी, सरकारी इमारत असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव. नव्या प्लॅस्टरवर चार आठवडे लिहू नका. चुन्याच्या भिंतीवर ऑइल पेंट मारला की वर्षात पापुद्रे निघतात. रंग चुन्याच्या भुकटीला चिकटतो, भिंतीला नाही. तेवढा पट्टा खरवडून, प्राइमर मारून मगच रंग द्या. पश्चिमेच्या भिंतीला आपल्याकडचं ऊन मे महिन्यात भाजून काढतं. तिथं चकचकीत लाल, गुलाबी टिकत नाही, काळा आणि गेरूचा तांबडा टिकतो. ओळींसाठी दोरी गेरूच्या भुकटीत घोळून दोघांनी ताणून धरा आणि मधून सोडा, शिरोरेषा सरळ येते. रंग लावण्याआधी सगळं वाक्य खडूनं लिहून, भिंतीपासून वीस पावलं मागं जाऊन, न लिहिलेल्या माणसाकडून वाचून घ्या. चुका नेहमीच्याच निघतात: ‘ग्रामिण’, ‘प्राथमीक’, ‘आशिर्वाद’. पेंटर कारागीर असतो, त्याच्या हातात कागदावर लिहून द्या. फोनवर सांगितलेलं नाव तो ऐकेल तसं काढतो.

चूक निघालीच, आणि दोन-तीन वर्षांत एखादी निघतेच, तर गुपचूप पुसू नका. पुढच्या बाजाराला त्याच फळ्यावर, त्याच अक्षरात लिहा: मागच्या आठवड्याचं वाक्य अमुक यांचं नाही, तमुक यांचं आहे. वहीतही तशी नोंद करा आणि जुनी ओळ खोडू नका, बाजूला तारीख टाका.